चोवा, चंदन आणि चालू खातं

माणसाला नाक कशासाठी दिलेलं असतं, या प्रश्नाला आमच्या घरात तीन उत्तरं आहेत. आईच्या मते ते कुळाची शान म्हणून वर ठेवण्यासाठी असतं. सौभाग्यवतींच्या मते ते दुसऱ्याच्या कामात खुपसण्यासाठी असतं आणि त्या कलेत मी घराण्याची परंपरा पुढे चालवतो आहे. चिरंजीवांच्या मते नाक हा चष्म्याचा स्टँड आहे. नाकानं वासही घेता येतो, ही गोष्ट तिघांच्याही लक्षात नाही.

यात त्यांचा दोष नाही. वासाला आपल्याकडे हिशोबात धरत नाहीत. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. बी. कॉम.ला आम्हाला 'गुडविल'ची किंमत काढायला शिकवलं होतं. गुडविल म्हणजे काय, तर जे दिसत नाही, हाताला लागत नाही, पेटीत ठेवता येत नाही, तरी ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला लाखांनी मांडतात. मला तेव्हाच वाटलं होतं, ही व्याख्या नावलौकिकापेक्षा अत्तराला जास्त शोभते.

कोलाडच्या शाखेत बदली झाली आणि नाकाला खऱ्या अर्थानं नोकरी लागली. महामार्गावरचं गाव, एक रस्ता रोह्याकडे फुटलेला. पावसाळ्यात काउंटरसमोर ओल्या छत्र्यांचा वास, दुपारी नाक्यावरच्या वड्यांच्या कढईचा वास, आणि बाजार करून आलेल्या मावशींनी पासबुकाबरोबर काउंटरवर ठेवलेल्या पिशवीतल्या सुक्या बोंबलांचा वास. हा शेवटचा वास पासबुकातल्या नोंदींपेक्षा जास्त टिकतो. शनिवार-रविवारी कुंडलिकेत रबरी होड्या हाकायला मुंबईचे पाहुणे येतात, त्यांच्या अंगावरच्या फवाऱ्यांचा वास एटीएमच्या खोलीत सोमवारपर्यंत मुक्काम करतो.

अशा या घ्राणसंमेलनात एके दिवशी चाचा आले. चाचा आमचे जुने खातेदार. कुवेतला उमेद घालवून परत आलेले. या पट्ट्यात, म्हणजे रोहा, म्हसळा, श्रीवर्धन, महाड या बाजूला, ज्या घरातलं कुणी आखातात नाही असं मुसलमान घर शोधावं लागतं. चाचांनी खिशातून दोन चिमुकल्या कुप्या काढल्या आणि माझा हात ज्योतिष्यासारखा ओढून घेतला.

"साहेब, मनगटावर एक थेंब. चोळायचा न्हाय. चोळला का मेला."

"मी?"

"वास, साहेब, वास!"

पहिली कुपी ऊदाच्या तेलाची. अस्सल, म्हणजे लाकडातून ओढून काढलेलं, कारखान्यातलं नव्हे. पहिल्या मिनिटाला मला थेट आजोळचा गोठा आठवला. गोठा म्हणजे अगदी म्हशीसकट. आमचे शिपाईमामा लांबून येऊन म्हणाले, "कुणाची चप्पल भिजलीया का?" पाव तासानं गोठा मागे पडला आणि चामड्याची जुनी बॅग, माळ्यावरची लाकडी पेटी, विझलेल्या होमाचा धूर असं एकेक करून येऊ लागलं. तासाभरानं त्याच मनगटाला गुऱ्हाळावर उकळणाऱ्या काकवीचा वास येत होता. संध्याकाळी घरी पोचलो तर काकवीचा मध झालेला. सौभाग्यवतींनी दारातच नाक, त्यांच्याच व्याख्येप्रमाणे, माझ्या कामात खुपसलं आणि "आज कुठं होता?" असा एकच प्रश्न विचारला. "बँकेत" हे उत्तर त्यांना आजतागायत पटलेलं नाही.

दुसरी कुपी चंदनाच्या तेलाची. ती दुसऱ्या मनगटावर. हे तेल म्हणजे ऊदाचा उलटा स्वभाव. आल्याआल्या काही बोलतच नाही. मला वाटलं, कुपी रिकामी आहे. मग हळूच तापलेल्या दुधावरची साय, कोरडं लाकूड, किंचित गोडवा. तासानं पाहावं तर तेवढाच, चार तासांनी पाहावं तरी तेवढाच. हेड ऑफिसातले काही जुने अधिकारी असतात ना, आवाज कधी चढत नाही, पण त्यांची सही झाल्याशिवाय काम हलत नाही, तशा जातीचा हा सुगंध. म्हणूनच कनौजचे अत्तरवाले पिढ्यान्‌पिढ्या गुलाब, केवडा, मोगरा यांची वाफ चंदनाच्या तेलात धरत आले. फुलाचा वास पळपुटा. चंदन त्याला धरून बसवतं. अगदी पहिल्या पावसाच्या मातीचा वासही त्यांनी चंदनात कोंडून 'मिट्टी' नावानं विकला. कोकणात तो आपल्याला जून महिन्यात फुकट मिळतो, म्हणून त्याची किंमत नाही.

चाचा गेले, पण मनगटं घेऊन मी इतिहासात शिरलो. बँकेतल्या माणसाला कुठलीही वस्तू दिसली की पहिला प्रश्न पडतो: ही आली कुठून आणि कुणाच्या नावावर होती?

सुरुवात नावापासूनच करू, कारण नावातच घोळ आहे. मराठी घरात 'ऊद' म्हटलं की गुरुवारी निखाऱ्यावर घालायचा, किंवा बाळबाळंतिणीला धुरी द्यायचा तो खडा. हा सुमात्रा-जावाकडच्या एका झाडाचा डिंक. अरब व्यापारी त्याला 'लुबान जावी', जावाचा लोबान म्हणत. युरोपात उतरेपर्यंत त्याचा 'लु' बोटीतून पडला आणि उरलेल्याचं 'बेन्झोइन' झालं. १८३३ साली मिट्शरलिख नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं त्याच्या आम्लापासून एक द्रव काढला, त्याचं नाव पडलं बेन्झीन. म्हणजे आमच्या कोलाड-रोहा रस्त्यावरून धाटावच्या कारखान्यांकडे जे रसायनांचे टँकर घरंगळत जातात, त्या धंद्याचं नातं आजीच्या धुपाटण्याशी लागतं. नाती कुठं कुठं निघतील सांगता येत नाही. लग्नात आहेराची यादी करताना हा अनुभव सर्वांनाच येतो.

चाचांचा ऊद मात्र निराळा. अरबीत 'ऊद' म्हणजे नुसतं लाकूड, काठी. त्यांच्या एका तंतुवाद्याचंही नाव ऊद. हे सुगंधी लाकूड म्हणजे आपलं संस्कृतातलं अगुरू, मराठीतलं अगर. पोर्तुगीजांनी त्याचं 'आगिला' केलं, इंग्रजांनी ते ऐकून 'ईगलवुड' केलं आणि ज्या झाडाचा गरुडाशी काडीचा संबंध नाही त्याच्यावर गरुड बसवला. आता अगुरू म्हणजे काय? जे गुरू नाही, जड नाही ते. चिनी भाषेत त्याच लाकडाला 'बुडणारा सुगंध' म्हणतात, कारण उत्तम प्रतीचा तुकडा पाण्यात टाकला तर तळ गाठतो. एकाच मालाला दिल्लीत हलका आणि पेकिंगला जड म्हणायचं, हे फक्त भाषेत आणि आयातनिर्यातीच्या कागदपत्रांतच शक्य आहे.

मला यातलं 'बुडणारा' फार आवडलं. कारण अगरूचं सगळं चरित्रच बुडीत खात्याचं आहे. हे झाड आसाम आणि ईशान्येकडचं, पुढे ब्रह्मदेश, कंबोडिया, मलायापर्यंत पसरलेलं. निरोगी असेल तर त्याला वास म्हणून नाही. पांढरं, मऊ, हलकं लाकूड. पण खोडकिड्यानं भोक पाडलं, फांदी मोडली, आत बुरशी शिरली, की झाड जखमेभोवती काळसर राळ साठवू लागतं. वर्षानुवर्षं. ही राळ म्हणजे अगर. ज्याला आम्ही बँकेत 'अनुत्पादित' असा शिक्का मारून वसुली विभागाकडे पाठवतो, ते खातं इथे सोन्याच्या भावानं विकलं जातं. रोग लागला तर लाखाचं, धडधाकट राहिलं तर खोक्याचं! मी हे मॅनेजरसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी आमच्या शाखेच्या थकबाकीदारांच्या यादीकडे फार आशेनं पाहिलं.

चंदन याच्या उलट. तिथे रोगाचा प्रश्न नाही, मुदतीचा आहे. तेल असतं ते खोडाच्या गाभ्यात आणि मुळात. गाभा धरायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात, चांगला भरायला तीस. म्हणजे चंदन ही मुदत ठेव आणि अगर हे बुडीत कर्ज. दोन्हींत एक गोष्ट मात्र समान: रक्कम काढायची तर खातं कायमचं बंद करावं लागतं. फुलाचं अत्तर पुढच्या वर्षी पुन्हा निघतं. ही झाडं तोडावी लागतात. चंदन तर मुळासकट उपटतात, कारण मुळातच तेल जास्त.

आता इतिहासाची खातेवही उघडू.

पहिला हिशोबनीस कौटिल्य. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात कोशात घ्यायच्या मौल्यवान मालाची परीक्षा दिली आहे, त्यात मोती आणि हिऱ्यांच्या पंक्तीला चंदन आणि अगरू. चंदनाच्या एकेका जातीचा रंग आणि वास त्यानं नोंदवला आहे. एक कमळाच्या वासाचं, एक मातीच्या, एक आंब्याच्या, एक चक्क मासळीच्या आणि एक बोकडाच्या मुताच्या वासाचं! आणि हे सगळं चंदन म्हणून खजिन्यात जमा. मला त्या खजिन्यावरच्या कारकुनाची दया आली. माल जमा करताना त्यानं नाक लावून शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलं असेल? अगरूच्या बाबतीत काळं, सावळं, ठिपक्यांचं असे भेद आहेत, आणि समुद्रापलीकडून येणारा माल वेगळा मांडला आहे. म्हणजे तेव्हाही आयात होतीच. चांगलं चंदन कसं असावं याची यादी मात्र वाचण्यासारखी: हलकं, तुपासारखं अंगाला लागणारं, कातडीत मुरणारं, उग्र नसलेलं, उष्णता सोसणारं. ही लक्षणं वाचून मी मनगट हुंगलं. जुळत होती. फक्त शेवटच्या लक्षणावरून वाटलं, असा जावई सगळ्यांना मिळो.

कौटिल्याच्या खजिन्यापासून आमच्या कोलाडला यायला वाट लांबची नाही, पाण्याची आहे. कोलाडवरून जाणारी कुंडलिका रोह्याला खाडी होते आणि रेवदंड्याशी समुद्राला मिळते. रेवदंड्याला खेटून चौल. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी सकाळी मुंबईकरांच्या होड्या उलटवतं आणि पुढे जाऊन मिळतं ते दोन हजार वर्षांच्या बंदराला. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस'मध्ये चौलचं नाव 'सेमिल्ला' असं येतं. त्याच पुस्तकात भडोचहून इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या गलबतांवर तांबं, सागवान यांच्याबरोबर चंदन चढवल्याची नोंद आहे. (नकलणाऱ्याच्या अक्षरामुळे त्या 'चंदन' शब्दावर पंडितांत थोडी ओढाताण आहे. आमच्याकडे चेकवरच्या अक्षरावरून रोज होते तेवढीच.)

बंदरातला माल घाट चढून वर जाई, आणि व्यापाऱ्यांचा थोडा पैसा वाटेतल्या लेण्यांत जिरे. आमच्या बाजूच्या कुड्याच्या लेण्यांत एका माळ्याचं आणि एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचं दान कोरलेलं आहे. पण माझा माणूस बोरघाटाच्या डोक्यावर आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात एक ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकटचा गंधिक सिंहदत्त, यानं दरवाजा दिला. गंधिक म्हणजे अत्तरवाला. आज आपण सहलीला जातो, त्या दारात उभे राहून फोटो काढतो, चिवडा खातो, पण ते दार एका अत्तरवाल्याच्या नफ्यातून उभं आहे हे कुणाच्या ध्यानात नसतं. सुगंध उडून गेला, पावती दगडावर राहिली. आमच्या बँकेच्या पावतीवरची शाई तीन महिन्यांत उडते.

इसवी सन ९१६च्या सुमारास बगदादचा मसऊदी चौलला आला. तो या गावाला 'सैमूर' म्हणतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेली मुसलमान मंडळी इथे सुमारे दहा हजार राहतात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. चाचांचे पूर्वज कुवेतला गेले नव्हते. कुवेतकडची माणसं आधी चाचांच्या गावी आली होती. हजार वर्षांनी चाचांनी नुसती परतभेट दिली.

घाटावर राजेरजवाड्यांनीही कसर ठेवली नाही. आजच्या बसवकल्याणला राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वरानं ११३०च्या आसपास 'मानसोल्लास' लिहिला. राजानं कोणकोणते उपभोग घ्यावेत, याची त्यात रीतसर वीस प्रकरणं आहेत. स्नान आहे, अंगाला लावायचं विलेपन आहे, धूप आहे. आमच्या बँकेच्या नियमपुस्तिकेतही प्रकरणं भरपूर आहेत, पण त्यात उपभोग एकही नाही, सगळे भोग.

पण मला खरा आनंद झाला तो एका मराठी पोथीचा. पुण्याच्या भांडारकर संस्थेत परशुराम कृष्ण गोडे नावाचे ग्रंथपाल होऊन गेले. मूळचे देवरुखचे. १९१९ सालापासून चार दशकं ते पोथ्यांच्या ढिगात बसून राहिले आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या विषयांवर शेकडो लेख लिहीत गेले. त्यांच्या हाती गंगाधराचा 'गंधसार' आणि त्याच्या सोबतीला 'गंधवाद' नावाचा आणखी एक ग्रंथ लागला. दोन्ही सुगंध तयार करण्याच्या शास्त्रावर. आणि गंधवादावर टीका कुठल्या भाषेत? मराठीत! गोड्यांनी तिचा काळ १३५० ते १५५०च्या दरम्यानचा ठरवला. म्हणजे आपल्या भाषेत संत अभंग रचत होते त्याच काळात कुणीतरी मराठी माणूस अत्तराची कृती समजावून सांगत होता. गंधसारात सहा क्रिया आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. मराठी माणसाला धंदा जमत नाही म्हणतात. पण धंद्यावरचं पुस्तक लिहायला तो कधीच मागे नव्हता. १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं दोन्ही ग्रंथ छापले. आपल्या भाषेतली सुगंधविद्या बडोद्याला जाऊन छापून आली, यावर पुण्यात फारसं कुणी रागावलं नाही, यावरून तिचं वाचन किती झालं असेल हे समजावं.

पुढची नोंद गोव्याची. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला आणि १५६३ साली त्यानं तिथेच हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवर संवादरूपी ग्रंथ छापला. त्यात एक संवाद अगरूवर आणि एक चंदनावर आहे. पांढरं-पिवळं चंदन तिमोर बेटातून येतं, हे त्यानं नोंदवलं आहे. आणि त्याच शतकाच्या अखेरीस अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या सुगंधखात्याचं वर्णन केलं. त्यात 'चुवा' काढायची रीत आहे: अगरूचे बारीक तुकडे अरुंद गळ्याच्या भांड्यात भरायचे, भांडं मातीनं लिंपून उलटं ठेवायचं, भोवती मंद आग, आणि खालच्या वाटीत थेंब थेंब तेल. जुन्या पदांत 'चोवाचंदन' असा जोडशब्द येतो. आपण तो 'कपडेबिपडे' किंवा 'चहाबिहा' अशा थाटात वाचून पुढे जातो. पण त्यातला चोवा म्हणजे चाचांची पहिली कुपी आणि चंदन म्हणजे दुसरी! माझी दोन मनगटं मिळून तो अख्खा शब्द तयार झाला होता.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, वा, काय वैभव! मलाही तसंच वाटलं. पण कॉमर्सच्या माणसाची खोड जात नाही. मी वही पुन्हा उलटी चाळली. कौटिल्यानं वास लिहिला, सिंहदत्तानं दान लिहिलं, सोमेश्वरानं उपभोग लिहिला, अबुल फजलनं रीत लिहिली. दोन हजार वर्षांच्या या हिशोबात एक रकाना कुणीच भरलेला नाही: मागे झाडं किती शिल्लक राहिली? सगळ्या नोंदी काढलेल्या रकमेच्या. भरण्याच्या स्लिपा नाहीत. सुश्रुतानं चंदन वाहणाऱ्या गाढवाचा दृष्टान्त दिला आहे. त्याला ओझं कळतं, सुगंध कळत नाही. (दिवसभर दुसऱ्याच्या नोटा मोजणाऱ्या माणसाला हा दृष्टान्त जरा वर्मी लागतो.) पण ज्यांना सुगंध कळत होता, त्यांना ओझं कळत नव्हतं त्याचं काय?

मुद्दल खाल्लं की काय होतं, याचं धडधडीत उदाहरण आपल्या देशाबाहेर, पॅसिफिक महासागरात आहे. हवाई बेटांवर चंदनाच्या एका वेगळ्या जातीची जंगलं होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या कँटन बंदरात या लाकडाला गिऱ्हाईक मिळालं आणि अमेरिकन जहाजं तिथे घिरट्या घालू लागली. पहिल्या कामेहामेहा राजानं हा व्यापार आपल्या मुठीत ठेवला होता. १८१९ साली तो वारला आणि सरदारांचा हात सुटला. रेशीम, बिलियर्डची टेबलं, जहाजं, सगळी खरेदी उधारीवर. तारण काय, तर डोंगरावरचं चंदन. १८२० साली नव्या राजानं एक शौकाचं जहाज घेतलं, किंमत आठ हजार पिकुल चंदन. पिकुल म्हणजे साठेक किलो. ते जहाज चार वर्षांत फुटलं, देणं तरंगत राहिलं. मग सावकारांच्या मागोमाग अमेरिकेची लढाऊ जहाजं आली आणि १८२६ साली कर बसला: प्रत्येक पुरुषानं अर्धा पिकुल चंदन आणून द्यावं, नाहीतर चार स्पॅनिश डॉलर. डोंगरात जहाजाच्या पोटाच्या आकाराचे खड्डे खणले होते. लाकडानं खड्डा भरला की एका जहाजाचा माल झाला. ते खड्डे आजही मोलोकाई बेटावर आहेत. चंदन पुढच्या काही वर्षांत संपलं. वसुली विभागाचं इतकं मोठं स्मारक जगात दुसरं नसेल.

आपल्याकडे टिपू सुलताननं १७९२ साली चंदन हा 'राजवृक्ष' ठरवला. झाड कुणाच्याही परसात उगवो, मालकी सरकारची. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडे जाणारं लाकूड म्हैसूर संस्थानात पडून राहिलं, तेव्हा १९१६ साली संस्थानानं तेल घरीच काढायला घेतलं. दिवाण होते विश्वेश्वरय्या. आपल्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे तेच. धंदा उत्तम चालला. पण राजवृक्षाचा नियम तसाच राहिला, आणि त्याचा परिणाम कुणाही शेतकऱ्याला विचारावा. बांधावर चंदनाचं रोप दिसलं की तो गुपचूप उपटून टाकी. झाड सरकारचं, राखण आपली, आणि चोरी झाली तर चौकशीही आपलीच! कर्नाटकानं २००१ साली आणि तमिळनाडूनं २००२ साली मालकी शेतकऱ्याला दिली, तोवर उशीर झाला होता. १९५०च्या दशकात देशात वर्षाला चार हजार टनांच्या घरात निघणारं गाभ्याचं लाकूड या शतकाच्या सुरुवातीला काही शेकड्यांवर आलं होतं. आसामातल्या अगरूच्या व्यापारावर १९९५ साली आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. होजाईच्या बाजूला आता लोक परसात अगरूची झाडं लावतात आणि खोडाला भोकं पाडून मुद्दाम बुरशी टोचतात. म्हणजे बुडीत कर्जाचीही आता शेती होते.

आणि आपल्याला यातलं काहीच जाणवलं नाही, कारण शब्द शाबूत राहिले. आपण रोज अगरबत्ती लावतो. तिच्यात बांबूची काडी असते, कोळशाची भुकटी असते, चिकटपणासाठी झाडाच्या सालीची पूड असते आणि वरून सुगंधी रसायन. अगर सोडून सगळं! रक्कम कधीच काढून नेली, खात्याला नाव तेवढं राहिलं. आपण त्या नावाला रोज ओवाळतो.

आमच्या आजीकडे चंदनाचं एक खोड होतं. लग्नात आणलेलं, मनगटाएवढं. रोज सहाणेवर चार वळसे, चार थेंब पाणी, देवाला बोटभर, आजोबांच्या कपाळाला अर्धं बोट. आम्हा पोरांना उरलंसुरलं. जास्त मागितलं तर म्हणायची, "चंदन आहे ते, पिठलं नव्हे." ती गेली तेव्हा खोड अंगठ्याएवढं उरलं होतं आणि अजून देव्हाऱ्यात आहे. एका झाडाचा वीतभर तुकडा एका कुटुंबाला साठ वर्षं पुरला. मराठीत आपण 'चंदनासारखं झिजावं' म्हणतो, ते नेहमी दुसऱ्याला. आजीनं स्वतः झिजायचं काम केलं आणि चंदनाला मात्र फारसं झिजू दिलं नाही. सोमेश्वराच्या वीस प्रकरणांपेक्षा मला हे एक प्रकरण मोठं वाटतं.

गेल्या वर्षी आमच्या शाखेत कोलाडजवळच्या एका वाडीतले काका आले. वय एकसष्ट. वरकस जमिनीत चंदन लावायचं म्हणून कर्ज हवं होतं. मॅनेजरसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, कर्ज सोडून सगळं दिलं. साहेबांचंही बरोबर होतं. पहिला हप्ता पंधरा वर्षांनी, असा रकाना संगणकात नाही. शिवाय आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि चंदनाला पाय ओले ठेवायला आवडत नाही. शिवाय चोर. पुण्यात भरवस्तीत, बंगल्याच्या आवारातून रातोरात चंदनाची झाडं जातात, मग वाडीवर कोण राखणार? शिवाय महाराष्ट्रात आपल्याच जमिनीतलं चंदन तोडायलाही परवानगी लागते.

"जामीनदार कोण?" साहेबांनी शेवटचं अस्त्र काढलं.

"तूर," काका म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुलासा केला. चंदनाचं झाड एकटं जगत नाही. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांत शिरून अन्नपाणी उसनं घेतात. म्हणून रोपाशेजारी आधी तूर लावतात, मग थोडं मोठं झाल्यावर सुरूसारखं टिकाऊ झाड. जामीनदाराशिवाय चंदनसुद्धा उभं राहत नाही! बँकेच्या नियमांशी इतकं जुळणारं झाड निसर्गात दुसरं नाही, असं मी साहेबांना म्हणालो. साहेब म्हणाले, तुमची रजा शिल्लक आहे का?

काकांनी कर्जाविना चाळीस रोपं उताराच्या जागी लावली, जिथे पाणी ठरत नाही. बाजूला तूर. परवा पासबुक भरायला आले होते. पावसात सात गेली म्हणाले, तेहतीस आहेत.

"काका, हिशोब केला का? गाभा भरायला पंधरा वर्षं धरली तरी तुम्ही शहात्तरचे."

"अहो, धरा ना वीस."

"मग सुगंध घेणार कोण?"

काकांनी पासबुक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "तेच विचारायला आलो. ह्या खात्याला वारस लावायचा फॉर्म आहे ना तुमच्याकडं? नातीचं नाव घाला. चार वर्षांची आहे. झाडांचा काही फॉर्म निघाला तर तोही द्या."

झाडांचा फॉर्म अजून निघालेला नाही. नातीचा भरून घेतला. दोन हजार वर्षांच्या त्या वहीत भरण्याची स्लिप मला पहिल्यांदाच दिसत होती, म्हणून शिक्का जरा जोरात मारला. शाईला वास होता. पण तो शाईचाच.